दर्शनी भिंत एक, घरें अनेक



'टेरेस' हा शब्द आपण गच्ची या अर्थानें वापरतों; परंतु इंग्लंडांत त्याचा दुसराहि एक अर्थ आहे. एकाच आराखड्यानुसार, एकास एक लागून, मध्यें सामाईक भिंत ठेवून बांधलेल्या घरांच्या सलग ओळीला तेथें 'टेरेस' म्हणतात. आपल्या पुण्याच्या पेठांतूनहि वाड्याला वाडा लागलेला असतो; पण प्रत्येक वाड्याचा दिंडी-दरवाजा निराळा, जोत्याची उंची निराळी, आणि शेजाऱ्याहून आपला वाडा वेगळा दिसावा ही मालकाची हौस. इंग्रजी टेरेसची रीत याच्या नेमकी उलट. तेथें वीस मालकांचीं वीस घरें मिळून एकाच भव्य राजवाड्याचें सोंग घेतात. दुरून पाहणाऱ्याला राजवाडा दिसतो. जवळ जाऊन दारें मोजलीं म्हणजे तीं वीस भरतात.

अशा ओळींपैकीं समुद्रकांठीं उभ्या असलेल्या आणि आज ज्यांतून हॉटेलें चालतात, अशा घरांच्या बांधणीची ओळख आपण करून घेऊं. उदाहरणासाठीं लंडनच्या दक्षिणेस सुमारें ५० मैलांवर असलेलें ब्रायटन आणि त्याला लागूनच असलेलें होव्ह हीं दोन गांवें घेतों. या घरांकडे पाहून हळहळणारे लोक म्हणतात, "सरदार-उमरावांचीं हीं घरें, आतां त्यांचीं हॉटेलें झालीं!" माझें म्हणणें असें कीं, ही अधोगति नव्हे. परक्याला उतरावयास जागा देणें हा या घरांचा बहुतांशीं जन्मापासूनचा धर्म आहे. काळजीचा प्रश्न दुसराच आहे. अनेकांच्या मालकीचें हें एक सौंदर्य राखावयाचें कोणीं, आणि कोणाच्या खर्चानें?

प्रथम हीं घरें येथें आलीं कां, तें पाहूं. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत ब्रायटन हें पडत्या काळांतलें एक कोळ्यांचें गांव होतें. १७५० सालीं डॉक्टर रिचर्ड रसेल यांनीं समुद्राच्या पाण्यानें गांठींचे विकार बरे होतात असें प्रतिपादन करणारा लॅटिन प्रबंध प्रसिद्ध केला, आणि थोड्याच वर्षांत ते स्वतः ब्रायटनला येऊन राहिले. समुद्राचें पाणी अंगावर घ्यावयाचें आणि पोटांतहि घ्यावयाचें, असा त्यांचा उपचार होता. १७८३ सालीं युवराज जॉर्ज प्रथम येथें आले. त्यांना गांव आवडलें, आणि युवराजांच्या पाठोपाठ दरबारी मंडळी येऊं लागली. १८०१ सालीं गांवाची वस्ती सात हजारांच्या आसपास होती. १८३१ सालीं ती चाळीस हजारांवर गेली.

हे पाहुणे हंगामापुरते येत. कोणी सहा आठवडे राहील, कोणी तीन महिने. त्यांतले फारच थोडे लोक स्वतःचें घर बांधीत; बाकीच्यांना सजवून तयार ठेवलेलें घर, किंवा घराचा एखादा मजला, भाड्यानें हवा असे. पाहुण्यांच्या सेवेवर सारें गांव जगूं लागलें, आणि त्या सेवेंत आपल्या देशाचेंहि एक नांव आहे. पाटण्यास जन्मलेले शेख दीन महंमद यांनीं १८२१ च्या सुमारास समुद्रकांठीं वाफेच्या स्नानाचें आणि चंपीचें मोठें स्नानगृह चालविलें. पुढें चौथे जॉर्ज व चौथे विल्यम या दोन राजांच्या सेवेंत त्यांची नेमणूक झाली. 'शांपू' हा इंग्रजी शब्द आपल्या 'चांपणें' या क्रियापदाच्या हिंदी भावंडापासूनच गेला. त्यांच्या स्नानगृहाच्या जागीं आज हॉटेलच उभें आहे.

आतां जमिनीचा हिशेब पाहूं, म्हणजे घरांचा आकार आपोआप उलगडेल. समुद्र दिसेल अशी जमीन थोडी, आणि मागणारे फार. तेव्हां प्रत्येकाला वीस-पंचवीस फुटांचेंच तोंड द्यावयाचें, घर मागें लांबवावयाचें आणि वर चढवावयाचें, हा सरळ मार्ग ठरला. कोंकणांतल्या घरासारखें ऐसपैस पसरणें येथें परवडणारें नव्हतें. पण अरुंद घर एकटें उभें राहिलें तर बापुडवाणें दिसतें. दहा-वीस घरें एकत्र जोडलीं, मधलीं चार किंचित् पुढें काढलीं, त्यांना उंच स्तंभ दिले, आणि दोन्ही टोकांचीं घरें थोडीं भारदस्त केलीं, कीं सगळ्या ओळीला डौल येतो. भाडेकऱ्याला वीस फुटांचें घर मिळे, पण पत्ता मिळे राजवाड्याचा. टेरेसच्या कल्पनेचें व्यापारी मर्म हेंच.

ब्रायटनच्या रीजन्सी चौकाचा इतिहास या दृष्टीनें बोलका आहे. त्या जागीं पूर्वी मोकळें शेत होतें, त्यावर पवनचक्की होती. ती पवनचक्की १७९७ सालीं ८६ बैल जुंपून जशीच्या तशी दुसऱ्या गांवीं ओढून नेली. पुढें जोशुआ हॅन्सन नांवाच्या व्यापाऱ्यानें त्या शेताचे सुमारें ७० तुकडे पाडले, आणि १८१८ पासून ते बांधकामासाठीं भाडेपट्ट्यानें देण्यास आरंभ केला. पट्ट्यांत अटी होत्या. दर्शनी बाजू ठरलेल्या नमुन्याप्रमाणेंच बांधावयाची, तिच्यावर गिलावा करावयाचा, लोखंडी कठड्याचे सज्जे ठेवावयाचे. आंत आणि मागच्या बाजूस मात्र ज्याचा तो मुखत्यार. म्हणून आजहि अशा ओळीच्या मागच्या गल्लींत गेलें तर निराळेंच दृश्य दिसतें. कोणाची भिंत पुढें, कोणाची मागें. कोठें उघडी वीट, कोठें नळांचें जाळें. पुढची बाजू शहराची आणि मागची बाजू मालकाची, अशी ही वांटणी आहे.

या चौकाची रचना पाहा. पूर्व, उत्तर आणि पश्चिम या तीन बाजूंना घरें, दक्षिणेची बाजू समुद्राकडे मोकळी, मध्यें हिरवळ. आतां पूर्वेच्या व पश्चिमेच्या ओळींतील घरें एकमेकांकडे तोंड करून उभीं. त्यांना समुद्र दिसावा कसा? येथें कारागिरांनीं सुंदर युक्ति योजिली. घराचा दर्शनी भाग त्यांनीं सरळ न ठेवतां धनुष्यासारखा फुगवून पुढें आणला आणि त्या फुगवट्यांत खिडक्या बसविल्या. आंत बसणाऱ्याला बाजूच्या खिडकींतून तिरकस कां होईना, पाणी दिसूं लागलें. ब्रायटनच्या घरांची जी गोलाई छायाचित्रांत केवळ शोभेसाठीं दिसते, तिच्यामागें असा हिशेब आहे. त्यावेळीं दृश्य ही विकाऊ वस्तु झाली होती. १८६६ सालीं या चौकासमोर लोखंडी खांबांचा लांब धक्का समुद्रांत बांधला गेला. तेव्हां त्याच्या तोंडाशीं असलेल्या जकातीच्या चौक्या आपली नजर अडवितील म्हणून चौकांतल्या रहिवाशांनीं हरकत घेतली, ती याच कारणानें.

आतां घरांत शिरूं. रस्त्याच्या पातळीखालीं तळघर. तळघराला उजेड मिळावा म्हणून घर आणि पदपथ यांच्यामध्यें एक खोल चिंचोळें अंगण सोडलेलें, आणि त्याच्या कडेला लोखंडी कठडा. तळघरांत स्वयंपाकघर, नोकरांची बसण्याची जागा. पदपथाच्या पोटांत कोळशाचें कोठार. कोळसेवाला वरच्या भोंकांतून कोळसा ओती, म्हणजे त्याची पोतीं घरांत येत नसत. पदपथावरून लहानशा पुलासारख्या पायऱ्या ओलांडल्या कीं मुख्य दार. तळमजल्यावर जेवणाची खोली. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना; पुष्कळदां पुढची आणि मागची खोली मध्यें रुंद दार ठेवून जोडलेली, आणि पुढें सज्जा. त्याच्यावर मालकांच्या निजावयाच्या खोल्या, त्याच्यावर मुलांच्या, आणि अगदीं वर छपराच्या उतारांत नोकरांच्या.

ही उतरंड बाहेरूनहि वाचतां येते. पहिल्या मजल्याच्या खिडक्या सर्वांत उंच, जमिनीपासूनच निघालेल्या. त्यांच्यावरच्या मजल्याच्या त्याहून ठेंगण्या, आणि पुढें लहान होत होत छपरापाशीं चौकोनी झरोके. खिडकीची उंची पाहावी आणि आंत राहणाऱ्याचा दर्जा ओळखावा! तसेंच छपराकडे नजर टाकली तर धुराड्यांचे गठ्ठे ठराविक अंतरानें उभे दिसतात. ते सामाईक भिंतींवर असतात. म्हणून दर्शनी भिंतीनें कितीहि सोंग केलें तरी आंत घरें किती, हें धुराडीं सांगून टाकतात.

आणि हा राजवाडा बांधला कशाचा? डोळ्याला दगड दिसतो. पण तो दगड नव्हे. ब्रायटनजवळ चांगला घडीव दगड नाहीं. खडूचे डोंगर आणि त्यांतल्या गारगोट्या मात्र विपुल. त्यामुळें तेथें 'बंगरूश' नांवाची एक स्वस्त पद्धत रूढ झाली. फळ्यांचा साचा उभा करावयाचा, त्यांत गारगोट्या, विटांचे तुकडे, जें हातीं येईल तें टाकावयाचें, वरून चुना ओतावयाचा, आणि वाळल्यावर फळ्या काढावयाच्या. अशा ओबडधोबड भिंतीवर गुळगुळीत गिलावा देऊन त्यांत दगडाच्या सांध्यांसारख्या रेघा ओढल्या कीं संगमरवरी थाट तयार! १७९६ सालीं जेम्स पार्कर यांनीं पाण्यांतहि घट्ट होणाऱ्या सिमेंटचें पेटंट घेतलें होतें; त्यामुळें अशा गिलाव्याला मोठीच चालना मिळाली. कांहीं जुन्या घरांवर गिलाव्याऐवजीं चकचकीत काळ्या कवलांचा मुलामा आहे. हीं कवलें लांकडी चौकटीवर अशा खुबीनें बसविलेलीं असतात कीं पाहणाऱ्याला विटाच वाटाव्या. १८०७ सालीं पुरी झालेली 'रॉयल क्रेसेंट' ही अर्धवर्तुळाकार ओळ अशीच आहे.

या बांधकामांत तीन शिल्पज्ञांचीं नांवें पुनः पुनः येतात: ॲमन वाइल्ड्स, त्यांचे चिरंजीव ॲमन हेन्री वाइल्ड्स, आणि चार्ल्स बझ्बी. वाइल्ड्स पितापुत्रांनीं आपल्या कित्येक इमारतींच्या स्तंभशीर्षांवर 'अमोनाइट' या प्राचीन शंखाची वेटोळी आकृति कोरली आहे. आपल्याकडील शाळिग्रामांत जें चक्र दिसतें तें याच जातीच्या प्राण्याचें. 'ॲमन' या नांवावरची ती गमतीदार सही होय. बझ्बी यांनीं १८२४ पासून होव्ह येथें ब्रन्स्विक चौक व समुद्रासमोरील ब्रन्स्विक टेरेस उभी केली, ती या शैलीचा कळस मानली जाते.

या सुंदर मुखवट्याचा वैरी म्हणजे खारा वारा. गिलाव्याला बारीक तडा गेला कीं त्यांतून खारें पाणी आंत शिरतें. आंतला चुना ओल धरतो. मग गिलावा फुगतो आणि पोपडे सुटतात. ब्रायटनचीं निम्मीं घरें पाण्याच्या एका जोरदार फवाऱ्यानेंहि पाडतां येतील, असा तेथील लोकांत विनोद आहे. म्हणून बाहेरील रंग हा त्या घराचा प्राण. आणि रंगाच्या बाबतींतच सामाईक मालकीचा पेंच उत्पन्न होतो. मीं माझें घर वेळेवर रंगविलें, पण शेजाऱ्यानें नाहीं रंगविलें, तर त्याच्या भिंतींतली ओल माझ्याकडे येते. आणि त्यानें निळा रंग दिला व मीं पिवळा, तर राजवाड्याचें सोंग तेथेंच उघडें पडतें. त्यासाठीं ब्रन्स्विक चौकांत दर पांच वर्षांनीं, सर्वांनीं एकाच फिकट सायीच्या रंगानें दर्शनी भाग रंगवावा, असें कायद्याचें बंधन घातलेलें आहे. इंग्रजांसारख्या व्यक्तिस्वातंत्र्याच्या भोक्त्यांनीं स्वतःच्या घराच्या रंगावर कायदा मान्य करावा, यांत मोठें शहाणपण आहे.

या घरांचें हॉटेल झालें तें एका दिवसांत नव्हे. १८४१ सालीं लंडनपासून ब्रायटनपर्यंत रेल्वे पुरी झाली. सहा आठवडे राहणाऱ्या उमरावांच्या जागीं सहा दिवस, पुढें एक दिवस येणारे कारकून आणि कारागीर आले. व्हिक्टोरिया राणीला ही गर्दी रुचली नाहीं. १८५० सालीं राजघराण्याचा महाल गांवालाच विकण्यांत आला. सबंध घर भाड्यानें घेणारे कमी झाले. एकेक खोली मागणारे वाढले. घरें तींच राहिलीं, फक्त भाड्याचें माप लहान झालें. तळमजल्यावरील जेवणाची खोली न्याहारीची खोली झाली. दिवाणखाना सज्जासह सर्वांत महाग खोली झाला. नोकरांच्या माळ्यावरच्या खोल्या एकट्या प्रवाशाला स्वस्तांत मिळूं लागल्या. जुनी उतरंड दरपत्रकांत उतरली, एवढेंच!

मुद्दाम हॉटेल म्हणून बांधलेल्या इमारतींशीं तुलना केली म्हणजे हा भेद नीट कळतो. १८६४ सालीं समुद्रासमोर 'ग्रँड हॉटेल' उघडलें. दोनशेंवर खोल्या, आणि त्या काळीं अपूर्व असलेली पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट. तेथें एक मोठा जिना, लांब बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांस खोल्या. टेरेसमधील घराला बोळच नसतो. त्याचा कणा म्हणजे त्याचा उभा जिना. हॉटेलवाल्यानें शेजारचें घर विकत घेतलें म्हणजे सामाईक भिंतीला दार पाडावें लागतें. बाहेरून सलग दिसणाऱ्या घरांच्या आंतल्या जमिनी कित्येकदां एका पातळीवर नसतात. म्हणून अशा हॉटेलांतून चालतांना मध्येंच दोन पायऱ्या चढाव्या आणि पुढें तीन उतराव्या लागतात. जेथें अशी पायरी लागते, तेथें आपण एका घरांतून दुसऱ्या घरांत गेलों असें समजावें.

दुसरी अडचण न्हाणीघराची. मूळ घरांत पाणी नोकर वाहून आणीत; आज प्रत्येक खोलीला नळ आणि न्हाणी हवी. तीं बसविण्यासाठीं दिवाणखाना मधोमध कापला जातो. छताच्या कडेनें गेलेली चुन्याची नक्षीदार पट्टी एखाद्या आडव्या भिंतींत शिरून नाहींशी झालेली दिसली, तर तेथें मूळ खोली तोडली आहे, हें निश्चित. तिसरी अडचण आगीची. सामाईक भिंत ही आगीला आडवी येणारी भिंत होती. तिला जितकीं दारें पाडावीं, तितका तिचा गुण कमी. इंग्लंडांत १९७१ च्या कायद्यानें हॉटेलांना अग्निसुरक्षेचे दाखले सक्तीचे झाले, आणि जुन्या उघड्या जिन्यांभोंवतीं बंद दारें आलीं. त्यानें शोभा थोडी गेली, पण माणसांचे जीव त्याहून मोलाचे. १५ जुलै २०२३ रोजीं ब्रायटनच्या 'रॉयल अल्बियन' हॉटेलाला आग लागली. तें १८२६ सालीं उघडलेलें, धाकट्या वाइल्ड्सनीं योजिलेलें, आणि डॉक्टर रसेल यांच्याच घराच्या जागेवर उभें राहिलेलें हॉटेल. त्याचा पश्चिमेकडील भाग पाडून टाकावा लागला. जुन्या इमारतींत पाहुणे ठेवणें ही केवढी जबाबदारी आहे, हें त्यावरून ध्यानांत येईल.

तरीहि हॉटेलाचा धंदा या घरांना तारक ठरला आहे, हें विसरून चालणार नाहीं. १९४५ सालीं होव्हच्या नगरपालिकेपुढें ब्रन्स्विक टेरेससारख्या ओळी पाडून नवीन इमारती उठविण्याची योजना आली होती. युद्धानें थकलेल्या गांवाला जुना गिलावा म्हणजे नुसता खर्च वाटत होता. त्या योजनेला विरोध करण्यासाठीं त्याच वर्षीं 'रीजन्सी सोसायटी' स्थापन झाली, आणि त्या ओळी वांचल्या. आज रीजन्सी चौकांतील बहुतेक घरें संरक्षित इमारतींच्या यादींत आहेत. पण यादींत नांव गेल्यानें छप्पर गळावयाचें थांबत नाहीं. त्याला पैसा लागतो, आणि तो कोणीतरी मिळवावा लागतो. ज्या घराला पाहुणे नाहींत आणि मोठें कुटुंबहि नाहीं, तें घर खोल्याखोल्यांनीं विभागलें जातें. मग दर्शनी भिंतीची काळजी कोणाचीच राहत नाहीं. हॉटेलवाल्याला मात्र ती करावीच लागते, कारण त्याचा गिऱ्हाईक प्रथम तीच पाहतो. त्याचा स्वार्थ आणि शहराची शोभा येथें एका बाजूस येतात. तेवढ्या स्वार्थाचें स्वागतच केलें पाहिजे. मात्र त्यानें सामाईक भिंती बेताल फोडूं नयेत, आणि आपल्या घरापुरता रंग बदलूं नये, एवढा लगाम त्याला हवा.

हा विचार आपल्यालाहि परका नाहीं. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर विसाव्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत उभ्या राहिलेल्या इमारती टेरेस नव्हेत. त्यांच्यामध्यें सामाईक भिंती नाहींत. पण सारख्या उंचीमुळें आणि समुद्राकडे वळलेल्या सज्ज्यांमुळें त्या सर्व मिळून एक ओळ होतात, आणि त्यांतहि कोठें बिऱ्हाडें तर कोठें हॉटेल आहे. २०१८ सालीं युनेस्कोनें मुंबईच्या ज्या इमारतीसमूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत ही ओळहि आहे. खारा वारा तेथेंहि आहे, आणि शिवाय चार महिन्यांचा पाऊस. एका मालकानें सज्जा कांचेनें बंद केला, दुसऱ्यानें वर आणखी बांधकाम चढविलें, तर कोणाचेंच घर मोडत नाहीं. पण सर्वांचें मिळून जें कांहीं होतें, तें मोडतें.

घर हें आपलें असतें, पण घराचें तोंड रस्त्यानें जाणाऱ्या प्रत्येकाचें असतें. रीजन्सी चौकाच्या भाडेपट्ट्यांत दोनशें वर्षांपूर्वी जें लिहिलें गेलें, त्याचा अर्थ याहून निराळा नाहीं. त्या अटींवर सह्या करणारे कोणी कलेचे उपासक नव्हते. ते हिशेबी बांधकामवाले होते. आपलें घर शोभावयाचें तर शेजाऱ्याचेंहि शोभलें पाहिजे, एवढें व्यवहारी सत्य त्यांना उमगलें होतें, आणि तें त्यांनीं केवळ सद्भावनेवर न सोडतां कागदावर उतरवून ठेवलें. त्यांच्या खिडक्यांतून आज कोणीहि प्रवासी एका रात्रीच्या भाड्यांत समुद्र पाहूं शकतो, तो त्या कागदाच्या बळावर.